कवेलूतून जावई

सासूबाईंच्या स्वयंपाकघरात मी कवेलूच्या, म्हणजे कौलांच्या, छपरातून शिरलो, तेव्हा घराचं दार सताड उघडं होतं.

त्याचं असं झालं. आमची सोनाली कबड्डी खेळते. तिच्या संघाचा सामना टीव्हीवर थेट दिसणार होता. ब्रह्मपुरीजवळच्या गावी राहणाऱ्या सासूबाई म्हणाल्या, "नात माह्याच घरच्या टीव्हीत दिसली पाह्यजे!" मी एसटीत कंडक्टर. प्रवाशांना हो म्हणायची सवय नाही, पण सासूबाईंना नाही म्हणायची हिंमतही नाही! टीव्हीची डिशची छत्री बुक केली. गावभर आमंत्रणंही दिली.

सामन्याच्या दिवशी दुपारी कंपनीच्या ठेकेदाराचा माणूस आला. प्रशांत त्याचं नाव. त्यानं छत्री अंगणात ठेवली, छपराकडे पाहिलं आणि मान हलवली.

"भाऊ, कवेलूचं घर हाय. आमाले चढाले मनाई हाय."

"म्हणजे?" मी उडालोच!

"स्लॅब पाह्यजे. कवेलू नाई, टिन नाई. कंपनीचा नियम."

"मग भिंतीवर ठोक."

"मातीची भिंत चालत नाई."

"त्या चिंचेवर?"

"झाड हालते, भाऊ."

"शेजारी रफीकभाईंचा स्लॅब आहे की!"

"दुसऱ्याच्या घरावर तर बिलकुल नाई. माही आयडी बंद करते ठेकेदार."

(सासूबाईंनी रागारागानं चहा पुढे केला. तो मात्र त्यानं दोनदा घेतला. चहाबद्दल नियम नसावा.)

सामन्याला थोडाच वेळ उरला होता. ओसरीवर बायाबापड्या सतरंजी धरून बसल्या होत्या. मी शर्टाच्या बाह्या सरसावल्या. "मीच लावतो!"

बायको म्हणाली, "अहो, तुमाले घरचा पंखा पुसता येत नाई."

अशा वाक्यानंतर कुठला नवरा खाली राहील? छत्री खांद्यावर घेऊन मी शिडीनं वर गेलो. प्रशांत अंगणातून सूचना देऊ लागला. (सूचनांना मनाई नव्हती.)

"डावीकडे सरका, भाऊ! अजून थोडं... अजून..."

कडाड!

कवेलू फुटले, त्यांच्या खालचा वाळवीनं पोखरलेला लाकडी फाटा मोडला आणि मी कमरेपर्यंत आत! पोटानं मला अडवलं. त्या पोटाबद्दल मी आयुष्यात पहिल्यांदा देवाचे आभार मानले, कारण खाली चुलीवर तेलाची कढई होती. छत्री घरंगळत गेली ती थेट म्हशीच्या पाण्याच्या टाक्यात.

स्वयंपाकघरात सासूबाई पाहुण्यांसाठी वडे तळत होत्या. डोक्यावर अचानक दोन पाय लोंबकळताना दिसले. त्यांनी किंकाळी फोडली, "चोर! चोर!" आणि चुलीजवळची फुंकणी उचलून माझ्या नडग्यांवर सपासप सुरू केलं!

"आई, मारू नका! मी जावई!"

"खोटं बोलते मेला! जवाई असा वरतून येते का?" आणखी दोन पडल्या.

शेवटी बायको आत धावली, पायांतले मोजे ओळखले आणि म्हणाली, "आई, हे आपलेच हायेत!" तेव्हा कुठे फुंकणी थांबली आणि कढई चुलीवरून उतरली.

"प्रशांत, वर ये रे बाबा! ओढ मला!" मी ओरडलो.

"भाऊ, कवेलूवर पाय ठेवता येत नाई मले," तो कळवळून म्हणाला. मग मोबाइल काढून माझा फोटो घेतला. "काम काऊन नाई झालं, याचा फोटू पाठवा लागते."

एवढ्यात रफीकभाई कंपाउंडजवळ येऊन ओरडले, "चला सगळे आमच्याकडे! मॅच सुरू झाली!" क्षणात ओसरी रिकामी. सासूबाईही फुंकणीसकट गेल्या.

"रफीकभाई! अहो, मला आधी काढा!"

"हाफ टाइम होऊ द्या, भाईसाब! पोरीची रेड हाय!"

तिकडून आरोळ्या, टाळ्या ऐकू येत होत्या. बाप मात्र छपरात. कोणाला गुण मिळाला तेही कळेना! मध्यंतरात रफीकभाई चार माणसं घेऊन आले. खालून टेबल लावलं, काहींनी पाय ढकलले, काहींनी शिडीवरून बगला ओढल्या. बूच निघावं तसा मी निघालो.

संध्याकाळी सोनालीचा फोन. "बाबा, जिंकलो आम्ही! मले पाह्यलं ना?"

त्या दिवशी तिला अख्ख्या राज्यानं पाहिलं. मला अख्ख्या गावानं पाहिलं. अंगणातल्यांनी कमरेच्या वर आणि सासरच्यांनी कमरेच्या खाली!