फ्रेंच डिरेलर आणि प्रज्ञाची शर्यत

आता तुमच्यापासून काय लपवायचं! माझी फजिती अख्ख्या बजाजनगरनं ऐकलीय, तुम्हीच तेवढे राहिलात. हसा खुशाल, पण आधीच सांगतो, माझ्या डिरेलरांना भंगार म्हणायचं नाही!

डिरेलर म्हणजे गिअरच्या सायकलला मागच्या चाकाशी लोंबतो ना, साखळी एका दातेरी चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा, तो. माझ्याकडे जुने एकोणीस आहेत. इटलीचा, जपानचा, फ्रान्सचा... बायको म्हणते, "अहो, माझे डाळीचे डबे तरी मोकळे करा!" नाही करणार. छंद आहे माझा, चोरी नाही.

तर आमची लेक प्रज्ञा कॉलेजकडून जिल्ह्याच्या शर्यतीत उतरली. पहिली आली तरच पुढं राज्याला जाणार. वर्षभर पहाटे उठून घाम गाळला पोरीनं. आणि ऐन आदल्या दिवशी सायकल पडली, डिरेलर वाकला.

उस्मानपुऱ्यातले सायकलवाले सलीमभाई म्हणाले, "भाऊ, नया डालो. पोरगी की रेस है, म्यूझियम नहीं!"

माझं डोकंच फिरलं. नवा? घरात एकोणीस असताना?

"सलीमभाई, उद्या येऊन बघाच जुन्याची कमाल!"

मग काय, दिवसभर तुलना. जपानी लावला, काढला. फ्रेंच लावला, काढला. पुन्हा जपानी. पेडल फिरवायचं आणि डिरेलर अंगठ्यानं ढकलून बघायचा. फ्रेंच कसा लोण्यासारखा सरकत होता! तोच ठरला.

प्रज्ञा म्हणाली, "पप्पा, एक चक्कर मारून बघू का?"

"बापावर भरवसा नाय व्हय तुझा?"

सकाळी पैठण रोडवर शर्यत झाली. आणि पोरगी पहिली! डोळे भरून आले माझे. पण तोंड गप्प बसेल तर शपथ! जमलेल्या सगळ्यांसमोर मी भाषणच ठोकलं. "बघा! जुना फ्रेंच माल! आहे का तुमच्या नव्या गिअरची टाप?"

"तो दिखाव ना भाऊ, गिअर बदलके," सलीमभाई म्हणाले आणि त्यांनी मागचं चाक उचलून धरलं.

मी ऐटीत पेडल फिरवलं, गिअरची कळ ओढली. काहीच नाही. पुन्हा ओढली. कळ आपली नुसतीच इकडून तिकडं हलत होती.

"वायर कुठंय?" मी ओरडलो.

"घरी," प्रज्ञा मांड्या चोळत म्हणाली. "तुम्ही लावलीच नाय, पप्पा. शिट्टी झाल्यावर कळलं मला. अख्खी शर्यत सगळ्यात जड गिअरवर मारली. पाय लई दुखायलेत."

अहो, अंगठ्यानं ढकलायच्या नादात कळीपासून डिरेलरपर्यंतची वायर जोडायचीच राहिली होती! धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. सलीमभाई तर पोट धरून रस्त्यावरच बसले. पण मी हार मानणार? छाती पुढं काढून म्हणालो, "बिनवायरीच्या फ्रेंचनं पहिला नंबर आणला! वायर असती तर?"

"पप्पा," प्रज्ञा म्हणाली, "त्याच्या जागी तुमची चप्पल बांधली असती, तरी बी मी पहिलीच आले असते."