झोळी फडातच राहिली

लेक डेन्मार्कला असते. नातू झाला म्हणून मी आणि बायको ऐन थंडीत तिकडं गेलो. पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी लेकीनं तान्ह्या पोराला बाबागाडीत घातलं, वर दुलई टाकली, गाडी अंगणात नेऊन ठेवली आणि दार लावून घेतलं. बाहेर बर्फ होतं.

"अगं, लेकरू बाहेर राहिलं की!" बायको म्हणाली.

"राहिलं न्हाई, ठेवलंय. इथं सगळे असंच निजवतात. झोप चांगली लागते."

खरं होतं. चहाच्या दुकानाबाहेरसुद्धा बाबागाड्या उभ्या असत, आया आत. लेकरू कुणी नेईल असं कुणाच्या मनातही येत नाही. आमच्या गावाकडं, शिरूर कासारला, लेकरू सतत कुणाच्या तरी काखेत. पाळण्यात निजलं तरी दोरी धरायला माणूस असतं. ऊसतोडीला निघालं, की ही माणसं मागं गावात राहतात.

बायकोला राहवलं नाही. अनवाणी गेली आणि पोराला आत घेऊन आली. ते जागं होऊन रडायला लागलं. लेक वैतागली.

"आई, तू मला शिकवतीस व्हय? तू तर मला उसाच्या फडात विसरून आलतीस!"

आमच्या घरातला हा जुना विनोद. माझी आई तो सांगायची, भावकी हसायची. बायको कधी काही बोलली नाही. आताही तिनं फक्त पोराला लेकीकडं दिलं.

"ती विसरली नव्हती," मी म्हणालो.

मग सांगितलं. आम्ही दोघं तेव्हा तोडीला जायचो. लेकीची झोळी बांधावरच्या बाभळीला असायची. त्या दुपारी उसानं बैलगाडी भरली, कारखान्यावर नंबर लावायची घाई होती. शेवटची मोळी देऊन बायको उसावर चढली आणि तिनं विचारलं, "पोरगी घेतली का?" मी "हां, घेतली" म्हणालो. मागं वळून पाहिलं नव्हतं. पुढच्या गाडीत भावजय होती, तिनं घेतली असणार असं धरून चाललो. डांबरीला लागल्यावर भावजयीची मांडी रिकामी दिसली. पळत परत गेलो. शेजारच्या तुकड्यात उसाचं वाळलेलं पाचट पेटवलेलं होतं, धूर झोळीपर्यंत आलेला. पोरीचा रडून आवाज बसला होता.

कोपीवर, तोडकऱ्यांच्या झोपडीवर, आल्यावर माझी आई, तीही तेव्हा तोडीला यायची, बायकोला म्हणाली, "माय हायस का कोण?" मी बैलांना पाणी दाखवायला गेलो. तेव्हापासून विसरणारी ती झाली.

लेक माझ्याकडं बघत होती. "दादा, आज्जी तिला एवढं बोलायची, तवा तुमी कुठं होता?"

"तिथंच."

बायको पदरानं पाय पुसत होती. "अवं, इतक्या लांब विमानानं यावं लागलं व्हय तुमाला हे सांगायला?"

पोर परत झोपलं. लेकीनं त्याला गाडीत घातलं, पण दाराशी थांबली. "आई, कुठं ठेवू?"

बायकोनं थोडा विचार केला. "ठेव बाहेरच. खिडकीतून दिसंल असं ठेव."

ती खिडकीशी खुर्ची घेऊन बसली. शेजारी दुसरी खुर्ची होती. ती ओढून तिच्याजवळ बसायचा मला धीर झाला नाही.