माईक जवळ ओढून

‘ए माईकवाल्या! कुणाचा रं तू?’

स्टेजवरून हाक आली तेव्हा मी मिक्सरवर वाकलो होतो. माईकनं शिट्टी मारली होती. चूक त्यांचीच. बोलता बोलता धाकटे साहेब माईक घेऊन बॉक्सच्या पुढ्यात आले. तिथं उभं राहिलं की शिट्टी बसते, हे मी आधी सांगितलं होतं. पण तीन पिढ्या सत्तेत असलेल्या घरातला माणूस. त्याला माईकवाला काय सांगणार?

खालून कुणीतरी माझ्या बापाचं नाव सांगितलं. साहेब हसले.

‘आरं, हा तर दवंडीवाल्याचा! बाप गावभर बोंबलायचा, आता पोराची मशीन बोंबलतीया.’

लोक हसले. साहेबांनी माईक आणखी जवळ ओढला.

‘आई तेवढी गुपचूप हं! रातच्याला कुणाकुणाच्या दारात गेली, कधी बोंब न्हाई झाली.’

समोरच्या सगळ्या खुर्च्या हसल्या. लग्नाला माझा सेट नेलेले, माझ्याकडून भाव कमी करून घेतलेले, सगळे. साहेबांच्या आवाजाचं बटण माझ्या बोटाखाली होतं. मी ते खाली केलं नाही. हे आधीच सांगून टाकतो.

माझा बाप दवंडी देताना प्रत्येक नावापुढं ‘राव’ लावायचा. विसरला तर शिव्या खायचा. त्याला मात्र म्हातारपणीही पोरंसोरं ‘ए’ म्हणत. म्हणून मी ते काम उचललं नाही. भोरला एका दुकानात वायरी गुंडाळत शिकलो, स्वतःचा सेट उभा केला. भाव ठरवताना मला कुणी हरवत नाही. त्या सभेलासुद्धा मी दोन कर्णे जास्तीचे गळ्यात मारले होते. ‘वरच्या वाडीत मतं हायेत, साहेब. तिकडं तोंड करून लावतो.’

वरच्या वाडीत माझं घर आहे.

घरी गेलो तर आई भाकरी थापत होती. माझ्याकडं न बघता म्हणाली, ‘कर्णं चांगलं लागलं हुतं. समदं ऐकाय आलं.’

मग तव्यावरची भाकरी उलटली. मला जेवण गेलं नाही.

वीस वर्षं मी या खोऱ्यात, वेल्ह्यापासून सारोळ्यापर्यंत, सगळ्या पक्षांची भाषणं मिक्सरवर बसून ऐकली. पूर्वीची माणसं काही देव नव्हती. पण शिवी तोंडात आली की माईकवर हात ठेवायची, मान वळवायची. आता शिवी आली की माईक जवळ ओढतात.

दुसऱ्या दिवशी विरोधातले अण्णा स्वतः घरी आले. आईच्या पाया पडायला वाकले. तिनं पाय आत ओढून घेतले.

‘आमच्या सभेला सेट तुझाच,’ अण्णा मला म्हणाले. ‘बघ त्याला कसा सोलतो.’

मी दीडपट भाव सांगितला. त्यांनी मान डोलावली. मला बरं वाटलं. वाटलं, आता कुणीतरी चारचौघांत म्हणेल, हे वाईट झालं, कुणाच्या आईबद्दल असं बोलू नये.

सभेत अण्णा बोलायला उभे राहिले आणि थेट धाकट्या साहेबांच्या आईवर आले. ती म्हातारी दोन वर्षं अंथरुणाला खिळलेली. माझ्या आईच्या वयाची. तिचं तरुणपण काढलं, माहेर काढलं, जात काढली. ते शब्द मी लिहिणार नाही. लोक हसले. तीच माणसं, तेच हसणं.

मीही हसलो. मोठ्यानं. आणि हसता हसता बोटानं बटण वर सरकवलं. साहेबांच्या वेळी माझं बोट जागचं हललं नव्हतं. आज ते आपणहून वर गेलं. माझी मलाच किळस आली.

सभा संपल्यावर अण्णांनी पाठीवर थाप मारली. ‘झालं ना समाधान?’

‘माझ्या आईची माफी कुठं मागितली कुणी?’

‘माफी? आरं, डबल दिलं की त्याला!’

‘तिला काय मिळालं, अण्णा?’

‘माफीनं मतं पडत्यात व्हय रं?’ अण्णा गाडीत बसले. आजूबाजूचे हसले. त्या हसण्यात माझ्या आईला जागा नव्हती, त्या म्हातारीलाही नव्हती.

तेव्हापासून माझी अट आहे. माझ्या माईकवर कुणाची आई येणार नाही, कुणाची जात येणार नाही. आली, तर भर सभेत पिन काढीन, मग तो कुणी का असेना. बुकिंगला येणाऱ्याला पहिलं हेच सांगतो. लोक आधी थट्टा समजतात, मग दुसरीकडं जातात. खोऱ्यातल्या नंतरच्या सगळ्या सभा सारोळ्याच्या सेटवर झाल्या. साहेबांच्याही, अण्णांच्याही. तो सेट माझ्याहून भारी आहे. शिव्या आणखी लांब जातात.

काही सुधारणार नाही, मला कळतं. परवा साहेबांचा माणूस आला होता. ‘अट सोड, म्हणशील तो भाव देतो. एवढ्या तेवढ्यावर धंदा बुडवतोस व्हय?’

जन्मभर मी प्रत्येक गोष्टीचा भाव केला. याचा करणार नाही, म्हणालो. बसायलाही सांगितलं नाही त्याला.