न आलेली भरती

‘विचारलं की नको येतं, त्यापेक्षा सांगून मोकळं व्हावं,’ असं सुनेत्राबाई नेहमी म्हणत.

ब्रिस्टलच्या एका हॉस्पिटलच्या किचनमध्ये त्यांची उमेदीची वर्षं सरली, पण जन्म हर्णैच्या कोळीवाड्यातला. दर नारळी पौर्णिमेला त्या ब्रिस्टलजवळच्या वेस्टनच्या किनाऱ्यावर जात. तिथली भरती अशी, की लांबवर पसरलेला चिखल बघता बघता पाण्याखाली जातो. पाणी पायाशी आलं की नारळ द्यायचा आणि हर्णैला फोन लावायचा. तो फोन आल्याशिवाय त्यांचा भाऊ शशिधर होडीचा दोर सोडत नसे.

यंदा मुलाने, परीक्षितने, नेमकी त्याच आठवड्यात सिसिलीतल्या चेफालूची सुट्टी ठरवली. बाई वाद घालत बसल्या नाहीत. नारळ बॅगेत घातला. एअरपोर्टवर अधिकाऱ्याने तो कानाशी हलवला, तेव्हा समुद्राचा आहे, समुद्राला द्यायचाय, एवढं सांगून त्यांनी हात पुढे केला.

पौर्णिमेच्या सकाळी त्यांनी पाण्याच्या कडेला चपला काढून ठेवल्या. चपला भिजल्या की भरती आली, ही त्यांची लहानपणापासूनची खूण. शेजारी त्या बसून राहिल्या. ऊन डोक्यावर आलं, कललं. चपला कोरड्याच. सून मालविका हर्णैशी फोनवर बोलून आली. तिकडे सांज उतरत होती, आणि शशिधरमामांचे खलाशी त्यांना हसायला लागले होते.

परीक्षितने मोबाइलवर शोधलं. ‘आई, इथे टाइडच नाही. वीतभर पाणी चढतं, बस. सॅटर्डेला वेस्टनला नेतो तुला.’

‘पौर्णिमा शनिवारी आहे का?’

‘मग इथूनच फेक ना, प्लीज. सगळे बघतायत.’

‘फेकायला तो काय चेंडू आहे?’

त्याने आईला ऑपरेशन करून बसवलेल्या नव्या गुडघ्याची आठवण करून दिली. बाई हात टेकून उठल्या. साडी वर खोचली, काष्टा घट्ट ओढला, नारळाला हळदकुंकू लावलं.

‘समुद्र यायचा नाही ना? मग मी जाते. मामाला फोन लाव.’

पोहणारी माणसं बाजूला झाली. पाणी गुडघ्याला लागलं, मग कमरेला. परीक्षित बुटांसकट त्यांच्या मागे धावला. त्यांनी वळून न बघताच हात उभा धरला, आणि तो होता तिथेच थांबला. मालविकाने व्हिडिओ कॉल लावून फोन समुद्राकडे धरला होता. हर्णैच्या बंदरावर शशिधर दोर मुठीत घेऊन बहिणीची लांब जाणारी पाठ बघत होता.