शोभाचा आराखडा आणि कांताकाकूंची गिरणी

आमच्या प्रोजेक्टचे किस्से मी लिहून ठेवत नाही. एक लिहीपर्यंत दुसरा घडलेला असतो, आणि तोही बहुतेक आमच्या हट्टा गावातच.

हट्ट्यात शोभाच्या आईची, कांताकाकूंची, पिठाची गिरणी आहे. तिला लागूनच्या खोलीत शोभा आणि मी एका ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेल्या, बिल्ड सिस्टिमवर काम करतो. जगात कुठूनही कोणी कोड पाठवला की ही सिस्टिम त्याचा आपोआप चालता प्रोग्राम बांधते, तपासते आणि जमलं तर हिरवं, बिघडलं तर लाल दाखवते. तिची जुनी रचना बदलायची होती. शोभानं नवा आराखडा केला, तो प्रोजेक्टच्या प्रमुखानं, फिनलंडच्या मिकोनं, दोनदा परत पाठवला. तिसऱ्यांदाही नापास झाला तर पोरीचं चार महिन्यांचं काम पाण्यात जाणार होतं.

*

जुन्या रचनेत एकच मोठा सर्व्हर प्रत्येक मशीनला हाका मारून काम द्यायचा. एकानं 'ओ' दिली नाही की सगळे ताटकळत. वैतागून शोभा गिरणीत जाऊन बसली. बाया डबे रांगेत ठेवून घरी गेलेल्या, आणि एक दळण संपलं की काकू पुढचा डबा उचलत होत्या.

शोभा पळतच आली. "दादा, हाका काहून मारायच्या? डबे ठेवायचे!"

मला वाटलं, हिला ऊन लागलं. डबे म्हणजे कामं, आणि मोकळं होईल ते मशीन रांगेतलं पुढचं उचलेल, हे मला संध्याकाळी समजलं.

*

एक बिल्ड उगाचच लाल व्हायचा. आठवड्यानं कळलं, आधीच्या कामाच्या फाइली मशीनमध्ये उरत होत्या.

काकू म्हणाल्या, "म्हंजे ज्वारीवर गहू टाकला तुमी. मधी झाडून घ्यावं लागतंय."

आता आमचं प्रत्येक मशीन काम संपलं की स्वतःला झाडून घेतं.

*

आराखड्याचं चित्र शोभानं गिरणीतल्या फळ्यावर खडूनं काढलं. फोटो पाहून मिकोनं विचारलं, डावीकडच्या चौकटीला एकही बाण कसा नाही?

त्या चौकटीत लिहिलं होतं, "पाटील वहिनी, गहू, बारीक."

शोभानं एक बाण काढून दिला. मिकोचं समाधान झालं.

*

चाचणीसाठी मशीन अचानक बंद पाडणारा प्रोग्राम लिहू का, असं मिकोनं विचारलं. मी कळवलं, नको, आमच्याकडं लाईट ते काम रोज करते.

त्यानं विचारलं, "ओपन सोर्स आहे का?"

*

शेवटची मीटिंग दुपारी, व्हिडिओवर होती. आराखडा दोनदा ज्यावर अडला होता, तोच प्रश्न मिकोनं पुन्हा टाकला. काम अर्ध्यात असताना मशीन बंद पडलं तर ते काम कुठं जाणार? शोभा म्हणाली, रांगेच्या शेवटी. मिकोनं नकारार्थी मान हलवली. शोभाचा चेहरा पडला.

दारातून काकूंनी विचारलं, "काय म्हणून राहिला तो?"

शोभानं सांगितलं. काकू म्हणाल्या, "शेवटी कसा? अर्धवट डबा पहिला घ्यायचा. न्हाईतर बाया जीव खातेत."

शोभानं इंग्रजीत सांगितलं. मिको म्हणाला, "आणि त्याच कामानं प्रत्येक वेळी मशीन बंद पडलं तर?"

शोभानं तेही काकूंना विचारलं. "खडे असतेत त्यात. तिसऱ्यांदा घेत न्हाई मी. जिचा डबा तिला बोलावून निवडायला लावते."

शोभानं हे इंग्रजीत सांगितल्यावर मिको बराच वेळ लिहीत होता. मग म्हणाला, "मंजूर." शोभा हसता हसता रडायला लागली, आणि मीही काही कोरडा राहिलो नाही.

मिकोनं अदबीनं विचारलं, "यांना या क्षेत्रात किती वर्षं झाली?"

"बावीस," काकू म्हणाल्या. "पण बुधवारी बंद असतंय, त्याला सांगून ठेव."

शोभानं तेही सांगितलं. आता प्रोजेक्टच्या नियमांत मिकोनं स्वतः घातलेली एक ओळ आहे: बुधवारी रिलीज करू नये.