एकच फोन, तीच बातमी

मंडळी, आज दुपारचं डोक्यातून जात नाही, म्हणून लिहिते.

सोलापुरातल्या एका बातम्यांच्या वेबसाइटवर कुठली बातमी किती वाचली जाते, हे बघायचं माझं काम. आज दुपारी एका टॉवेल कारखान्याला आग लागली. कामगार आत अडकल्याची दोन ओळींची बातमी आम्ही टाकली आणि आकडा भराभर चढायला लागला.

"लई वाचतायत की! मथळा अजून तापवा," संपादक म्हणाले.

मी नीट बघितलं. वैराग गावातल्या एकाच फोनवरून ती बातमी पुन्हा पुन्हा उघडली जात होती. दुसरी कुठलीच नाही.

"सर, एकच फोन सारखा हेच उघडतोय. यांचं कुणीतरी आत असणार."

त्यांनी मथळा तसाच ठेवला. कारखान्यापाशी गेलेल्या आमच्या बातमीदार इरफानला मी फोन लावत राहिले. शेवटी लागला.

"सगळे भाईर आले, ताई! एकाचा हात भाजलाय, बाकी ठीक हाय."

तेच लगेच टाकलं. वैरागचा तो फोन पुन्हा आमच्या साइटवर आला, त्या पानावर बराच वेळ थांबला आणि गेला.

कोण होतं, मला कधीच कळणार नाही. पण तो फोन तुमचा असेल आणि हे तुमच्यापर्यंत पोचलं, तर एवढंच सांगा, तुमचं माणूस घरी आलं का?