पाठीतला ब्रेक

माणसाने नरम असावं, पण त्याला काही सुमार आहे की नाही? आमचा ड्रायव्हिंगचा मास्तर असा होता की त्याच्या ताटातला घास कोणी उचलला तर हा पाण्याचा पेलाही पुढे करील. आणि मी? बत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. मी जिन्याच्या खालच्या पायरीवर असतानाच वरचा वर्ग चिडीचूप व्हायचा. अशी मी, एकोणसाठाव्या वर्षी, या लोण्याच्या गोळ्याशेजारी बसून गाडी शिकायला गेले ती केवळ माझ्या वहिनीमुळे. "आता या वयात काय करायचंय शिकून?" असं ती जेवता जेवता म्हणाली. झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी नाव घालून आले.

पहिल्याच दिवशी गाडीचं दार उघडलं तर माझ्या सीटवर बिस्किटांचा चुरा. मागे एक चार वर्षांची मुलगी लहान मुलांच्या उंच खुर्चीत पट्टा लावून बसलेली. रबरी बूट घातलेले, उजवा डाव्या पायात आणि डावा उजव्या. शेजारी एक बाहुली, तिलाही पट्टा. मुलीने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "बाबा, ही आजी कशाला आली?"

"मी कोणाचीही आजी नाही," मी म्हटलं.

"माझी मुलगी, मॅडम," मास्तर ओशाळून म्हणाला. "अजिबात त्रास देत नाही."

हे वाक्य मी बत्तीस वर्षं पालकांच्या तोंडून ऐकलंय. एकदाही खरं निघालं नाही.

प्रकार असा होता. त्याची बायको हॉस्पिटलच्या लॅबमध्ये कामाला, सकाळी सहा ते दोन. पोरीला पाळणाघरात घातलं तर अकराव्या दिवशी त्यांनी ती परत पाठवली, कारण ती चावली. दुसऱ्या मुलाला नव्हे, पाळणाघराच्या बाईंना. महिनाअखेरीला बायकोची शिफ्ट बदलणार होती, तोवर पोर बापाबरोबर गाडीत. "तीन आठवड्यांचा तर प्रश्न आहे, मॅडम," तो म्हणाला. हे सगळं सांगताना माणसाला थोडी शरम वाटावी. हा मेला चावल्याचं सांगताना चक्क हसला. मी मनातल्या मनात त्या पोरीचं नाव फौजदारीण ठेवलं.

त्या तासांना शिकवणं म्हणायचं तर धन्य ते शिक्षण. सिग्नलला गाडी थांबली की हा मागे वळून पोरीची वेणी घालणार, दातांत पिना, आणि मला डावं-उजवं कंगव्याने दाखवणार. पोर झोपली की हॉर्न बंद. मग सगळं कुजबुजून: "मॅडम... क्लच... हळू... ट्रक..." अहो, ट्रक ही काय कुजबुजून सांगायची गोष्ट आहे? बरं, उठली की तिला शू लागलेलीच असायची. दोन गाड्यांच्या मधे गाडी मागे घेऊन लावायला मी शिकले ती पेट्रोल पंपावरच्या संडासासमोर, मागून "लवकर, आजी, लवकर" असा धोशा चालू असताना. एकदा जमेना म्हणून मी जरा बाजूला घेऊ म्हटलं, तर मास्तर हात जोडून म्हणाला, "मॅडम, वाकडी लावा, पण लावा."

आणि तो ब्रेक! शिकवणीच्या गाडीत मास्तरच्या पायाशीही एक ब्रेक असतो. पोरीला तसाच हवा होता. दोन दिवस तिने रडून गाडी डोक्यावर घेतली म्हणे. दुसऱ्या कोणी डोळे वटारले असते, फार तर एखादं चॉकलेट हातावर ठेवलं असतं. या महाशयांनी काय करावं? फळीचा तुकडा घेतला, त्यावर जुन्या चपलेचं रबर ठोकलं, खाली बिजागरी लावली आणि ते सगळं स्वतःच्याच सीटच्या पाठीला, बरोबर तिच्या पायांसमोर, स्क्रूने बसवलं. ती फळीवर लाथ मारणार, लाथ सीटमधून याच्या पाठीत बसणार, की हा गुपचूप आपल्या पायाशी असलेला खरा ब्रेक दाबणार. गाडी थांबली की मागे टाळ्या. "मी थांबवली!" लेकीच्या लाथा खायची सोय स्वतःच्या हाताने करणारा बाप मी तरी पहिल्यांदाच पाहत होते.

"तिला खोटं कशाला शिकवता?" मी एकदा विचारलं.

"खोटं कुठे, मॅडम? तिने दाबला की गाडी थांबतेच की," तो म्हणाला. "माणूस दिसला की दाबायचा, एवढंच सांगून ठेवलंय. उगीच नाही दाबत ती."

असल्या माणसाशी वाद घालणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. मी गिअर टाकला. चुकीचा टाकला, पण ते जाऊ द्या.

दहाव्या दिवशी मात्र हद्द झाली. चढावर माझी गाडी तीनदा बंद पडली. मागे हॉर्नचा नुसता कल्लोळ. मास्तर आपला साखरेत घोळलेल्या आवाजात म्हणतोय, "छान, मॅडम, जमतंय, जमतंय." आणि मागून फौजदारीण म्हणाली, "पण बाबा, काल तर तू म्हणालास, या आजीला पुढच्या जन्मी जमेल."

"मी असं कधी..." मास्तरचे कान लाल झाले.

"म्हणालास. आईपण हसली."

बघा! तोंडावर छान छान आणि घरी जाऊन ही मुक्ताफळं! अंगाचा तिळपापड झाला माझा. त्या दिवशी मी ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकाला दीड पानी तक्रार लिहिली, मुद्द्यांना क्रमांक घालून. मुद्दा चौथा: शिक्षकाचे लक्ष रस्त्यावर नसून मुलीवर असते. त्याखाली मी पट्टीने रेघ मारली. कारण ऑफिसात मालकाने स्वतः रचलेली एक ओळ भिंतीवर रंगवलेली होती: 'नजर हटली, नोकरी सुटली.' गेल्याच वर्षी एका मास्तरला त्याने याच भिंतीखाली उभं करून घरी पाठवलं होतं. हे मला काउंटरवरच्या मुलीने सांगितलं होतं. म्हणजे मला माहीत होतं. माहीत असूनच रेघ मारली.

मालक म्हणजे मनगटावर एवढं मोठं घड्याळ बांधून वेळ मोबाइलमध्ये बघणारा प्राणी. तक्रार वाचून तो म्हणाला, "मॅडम, उद्या मी स्वतः मागे बसतो. डोळ्यांनी बघतो आणि जागच्या जागी निकाल लावतो. मुलीपायी नजर हटत असेल तर बापलेक दोघंही घरी."

दुसऱ्या दिवशी मास्तर इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. मालक यायच्या आत मला हळूच म्हणाला, "कोणीतरी तक्रार केलीय, मॅडम. आठच दिवस राहिलेत हो. ही नोकरी गेली तर घरात एकाच पगारावर..." पोरीच्या दोन्ही वेण्या नीट घातलेल्या होत्या. बूटसुद्धा बरोबर पायांत. ते बूट बघून मला उगीचच कसंतरी झालं, पण मी सीट पुढे ओढली आणि किल्ली फिरवली.

मालक मागे बाहुलीच्या जागेवर बसला, बाहुली मधल्या पट्ट्यात गेली. फौजदारीण लगेच म्हणाली, "काका, पट्टा लाव. नाही लावला तर डोकं आपटतं."

मालकाने पट्टा लावला नाही. त्याचा फोन आला होता. त्याच्या नव्या बाथरूमच्या फरशा कोणीतरी चुकीच्या रंगाच्या पाठवल्या होत्या, त्यावर त्याचं भांडण सुरू झालं. निकाल लावायला आलेला माणूस! दहा मिनिटं झाली, रस्त्यावर गर्दी नव्हती, गाडी बरी चालली होती. मास्तरला धीर धरवेना. तो पट्ट्यातल्या पट्ट्यात पूर्ण मागे वळला. "मालक, बघताय ना, काही त्रास नाही तिचा. आठच दिवस..." मालकाने बोट वर केलं, थांब म्हणून. मग हा तसाच मान वळवून, चेहऱ्यावर हसू धरून, मालकाचा फोन संपायची वाट बघत राहिला.

आणि मी आरशात बघत होते. मालकाच्या चेहऱ्यावरून माझ्या तक्रारीचं काय होतंय, ते.

"ब्रेक!"

फळीवर दोन्ही बुटांची लाथ बसली. मास्तर कण्हला आणि गाडी जागच्या जागी थांबली. मालकाचं कपाळ माझ्या सीटवर आपटलं, फोन सीटखाली गेला. समोर वळण होतं. वळणावर एक बाई सायकलची चेन बसवायला खाली वाकली होती. तिच्यात आणि आमच्यात वीतभर जागा उरली होती. तिने मान वर केली, गाडीकडे पाहिलं, आणि मग आम्हाला जे काही सुनावलं त्यातला एकही शब्द वावगा नव्हता.

या वेळी मागे टाळ्या वाजल्या नाहीत. "माणूस दिसला," पोर बारीक आवाजात म्हणाली. "मी थांबवली."

"कोणी थांबवली?" मालक कपाळ चोळत खाली वाकला. त्याला ती फळी दिसली. त्याने ती धरून ओढली तशी स्क्रूसकट हातात आली. "हे काय खूळ? हे तर कशालाच जोडलेलं नाही. बाळ, हे खोटं आहे, कळलं? गाडी तुझ्या बाबाने थांबवली." मग मास्तरच्या खांद्यावर थाप मारून म्हणाला, "शाबास. नजर आहे तुझी. मुलीचं काय ते आठ दिवस चालवून घेऊ."

म्हणजे लागला निकाल. मास्तरने नुसतं गप्प बसायचं होतं. गप्प बसण्यात तर त्याचा हात कोणी धरला नसता. पोरीने ती फळी मालकाच्या हातून घेतली, उलटीसुलटी करून पाहिली आणि विचारलं, "बाबा, तू थांबवलीस?"

हा आता मान डोलावणार, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. जन्मभर त्याने दुसरं काय केलं होतं?

"नाही गं," मास्तर म्हणाला. "तूच थांबवलीस. बाबा समोर बघतच नव्हता. तुझी लाथ बसली, म्हणून पाय दाबला गेला."

तो मालकाशी बोलतच नव्हता, तिच्याशी बोलत होता. पण मालकाला कान होते.

"म्हणजे नजर नव्हती?"

"नव्हती, मालक."

मालकाला भिंतीची गरजही लागली नाही. भर रस्त्यात, गाडीतच त्याने मास्तरला घरी पाठवलं. वर माझ्याकडे वळून म्हणाला, "मॅडम, तुमच्या चौथ्या मुद्द्यात तथ्य होतं हं. उद्यापासून दुसरा मास्तर देतो तुम्हाला."

मास्तरने तेव्हा माझ्याकडे पाहिलं. तक्रार कोणी केली ते त्याला आता कळलं. तो चिडला असता तर बरं झालं असतं, चार शब्द मीही ऐकवले असते. चिडेल तर मास्तर कसला? त्याने बाहुलीचा पट्टा सोडला, पोरीला कडेवर घेतलं आणि उतरला.

"मालक," मी म्हटलं, "गाडी मी चालवत होते. मी कुठे बघत होते ते विचारा."

"तुमचं काय, मॅडम, तुम्ही शिकाऊ," असं म्हणून तो सीटखाली फोन शोधू लागला. त्याने विचारलं नाही. आणि मीही आपणहून सांगितलं नाही. वर्गात असल्या मुलांना मी बाकावर उभं करत असे. मला माझी शिसारी आली.

दुसऱ्या मास्तरकडे मी गेले नाही. भावाची जुनी गाडी घरामागे ताडपत्रीखाली पडून होती, ती वहिनीच्या नाकावर टिच्चून बाहेर काढली. मास्तरचं घर शोधायला चार दिवस लागले. तो आता पहाटे पावाची व्हॅन चालवत होता, बायको कामावर जाताना पोरीला शेजारणीकडे ठेवत होती, नऊला हा मोकळा. दारात मला बघून "या ना, मॅडम" म्हणाला, जशी काही मी पेढे घेऊनच आले होते. अशा माणसाची माफी तरी कशी मागायची? तरी मागितली. "तक्रार मी केली. वाईट केलं," म्हटलं. तर म्हणतो, "अहो, मुद्दे बरोबरच होते." कपाळ माझं!

दुसऱ्या दिवशी तो बाजारामागच्या मोकळ्या मैदानावर आला. "मॅडम, या गाडीत माझ्या पायाशी ब्रेक नाही. मी फक्त तोंडाने सांगणार," त्याने आधीच बजावलं. फौजदारीण टॉवेलात गुंडाळून फळी घेऊन आली होती. बूट पुन्हा उलटे. मास्तर स्क्रू-ड्रायव्हर काढून आपल्या सीटच्या पाठीला फळी लावू लागला तशी ती म्हणाली, "तिथे नको. तुझ्याकडे ब्रेकच नाही ना. आजीच्या मागे लाव."

मास्तर माझ्याकडे बघून चुळबुळला. "पाठीत लागेल हो, मॅडम."

"बसवा," मी म्हटलं.

दोन फेऱ्या नीट गेल्या. तिसऱ्या फेरीला पाठीत अशी सणसणीत लाथ बसली की माझा पाय मला न विचारता ब्रेकवर गेला. समोर एक म्हातारा वर्तमानपत्र वाचत मैदान ओलांडत होता. तो चांगला दहा पावलं लांब होता. गाडी थांबली. मागे टाळी वाजेल म्हणून मी वाट पाहिली. मी! कोणाच्या टाळीची!

टाळी वाजली नाही. "आजी," ती म्हणाली, "आरशात काय बघतेस? त्या दिवशीपण तू आरशातच बघत होतीस."

मास्तर खिडकीबाहेर बघू लागला. जी पोर घरातला शब्द न् शब्द चव्हाट्यावर मांडते, तिने ही एवढी गोष्ट पोटात ठेवली होती.

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"कोणी विचारलंच नाही," ती म्हणाली, आणि फळीवर पाय ठेवून पुढच्या फेरीसाठी तयार बसली.